फ्रीगंजच्या बँकेचा तिसरा बोर्ड

भावांनो, आज डोकं फिरलंय. मी परभणीचा, इथं उज्जैनला दुकानांचे बोर्ड लावतो. आज फ्रीगंजमधल्या एका बँकेचं काम होतं. आधी ती इथलीच छोटी बँक होती, मग मोठीत गेली, आता ती मोठीपण कुणीतरी विकत घेतली. म्हणजे हा तिसरा बोर्ड.

जुना सकाळीच उतरवला. नवा लावायला गेलो तर बँकेचा साहेब म्हणे थांब, मुहूर्त दुपारचा आहे. तोवर शटर अर्धं खाली आणि म्हातारी माणसं बाहेर उन्हात.

बिननावाची बँक बघून एक मराठी आजी घाबरली. मलाच विचारते, "बेटा, बँक बुडाली का रे? ह्यांनी जन्मभर साठवलेलं सगळं इथंच आहे."

साहेब आतून ओरडला, "अम्माजी, सब वही है! बस मालिक बदला है."

आजीपण हिंदीतच म्हणाली, "पैसा तो हमारा है ना भैया? फिर मालिक बदलते समय हमसे किसने पूछा?"

तो हसला आणि नारळ फोडायला गेला. मला पेढा दिला, आजीला साधी खुर्चीपण नाही. किळस आली राव.

तुमच्या बँकेचा मालक बदलला तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?