असोद्याच्या शालिग्रामभाऊंची मोटार

देवपुरात, पांझरेच्या पुलापासून जरा आत, चुडामण मिस्त्रीचं गॅरेज होतं. गिअर आणि डिफरेन्शियलच्या कामाला आग्रा रोडवरचे ट्रकवाले दुसरीकडे जात नसत. पण माणूस तोंडाचा कडू. गिऱ्हाइकाशी तो जेमतेम बोलायचा, कारण बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्या मते बोलण्याच्या लायकीचीच नव्हती.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर असोद्याचे शालिग्रामभाऊ त्यांची जुनी विलायती मोटार घेऊन आले. केळीनं हात दिलेला, म्हणून ही पन्नास वर्षांपूर्वीची गाडी घेतलेली. पांढरे बूट, गळ्यात रेशमी रुमाल. जानेवारीत अशा जुन्या गाड्यांचा ताफा धुळ्याहून इंदूरला जाणार होता.

"मिस्त्री, सगळा रस्ता साठ मैलांनी पळाली पाहिजे. आता पंचावन्नलाच बोंबलते."

मिस्त्रीनं बुटांकडे पाहिलं, मग गाडीखाली शिरला. मागचं डिफरेन्शियल उघडून त्यानं दात मोजले. मोठ्या चक्राला, क्राऊनला, एकोणचाळीस; छोट्याला, पिनियनला, आठ. चाक एकदा फिरवायला इंजिनाला जवळजवळ पाच फेरे मारावे लागत होते. घाट चढायला ठीक. सपाटीवर तासन्‌तास पळवलं तर बेरिंगमधला धातू वितळणार. गाडी बिचारी शहाणी होती. मालकच तिला कळत नसलेल्या भाषेत ओरडत होता.

भंगारबाजारात महिनाभर हिंडून त्यानं त्याच घडणीच्या मोठ्या गाडीची जोडी मिळवली. त्रेचाळीस आणि अकरा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे चारही नाहीत. तेलात कालवलेला शेंदूर दातांना फासून, कुठे घासतंय ते बघत, पत्र्याच्या पातळ चकत्या घालत-काढत चार दिवस खपला. मग एका सकाळी एकटाच सोनगीरपर्यंत जाऊन आला. वेग मोजायला मैलाचे दगड आणि हातातलं घड्याळ. साठ मैलांना इंजिन नुसतं गुणगुणत होतं. परतताना त्यानं दोन्ही काचा खाली केल्या.

एक गोष्ट त्याला ठाऊक होती. वेगाचा काटा गिअरबॉक्सवर चालायचा, त्याला मागच्या बदलाचा पत्ता नव्हता. आता साठला तो अठ्ठेचाळीसच दाखवणार. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण शालिग्रामभाऊ आले ते आरशात मिशी बघत, आणि मिस्त्रीनं किल्ली त्यांच्या हातावर टाकली.

आठवड्यानं ते तणतणत परतले.

"पूर्वी पंचावन्न दाखवायची, आता पंचेचाळीसच्या वर जात नाही! उचलही मेली! काय करून ठेवलंत?"

"काटा बघता का रस्ता?" मिस्त्री म्हणाला.

"मला अक्कल शिकवू नका. माझे जुने दात द्या."

मिस्त्रीनं ते गोणपाटात बांधून दिले. मुंबईहून पांढऱ्या अंगरख्यातला एक तज्ज्ञ आला, जुने दात बसवले, नवा कार्ब्युरेटर लावला, इंजिनाला रंग फासला. काटा पुन्हा वर गेला. शालिग्रामभाऊ खूश.

ताफा निघाला त्या दिवशी काटा साठवर ठेवून त्यांनी गाडी हाणली. नरडाण्याच्या पुढे बेरिंग गेलं आणि कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी ट्रकवर चढून धुळ्यात परतली.

मिस्त्री बघायला गेला. ब्लॉकच्या भगदाडात त्यानं हात घातला, तर बोटांना वितळून गोठलेले धातूचे थेंब लागले. असा ब्लॉक आता कुठेच मिळणार नव्हता. शालिग्रामभाऊ ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होते. बुटांवर तेलाचा डाग पडला होता, त्याबद्दल.

घरी त्यानं जेवताना बायकोला, भिकुबाईला, सगळं सांगितलं. हसून सांगितलं.

ती हसली नाही. "तुम्हीन त्याले काटाबद्दल सांगं व्हतं का?"

"त्याले काय समजनार? त्याले अक्कल नही शे."

"त्याले नही शे," ती म्हणाली. "गाडीनं काय करं व्हतं?"

मिस्त्री ताटावरून उठला.

पुढं शालिग्रामभाऊंनी ती मोटार हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला विकली. त्यानं ती दारात उभी केली, बॉनेट काढलं आणि आत झेंडू लावला. लग्नाची वऱ्हाडं तिथं फोटो काढत. ट्रकवाले मिस्त्रीला तिथं चहाला ओढू बघत. तो जात नसे. विचारलं तर म्हणे, चहा पाणचट आहे.