छावनीचे दिवे आन् मेघाचे तारे

“दिवे बंद? छावनीचे? मावशी, डोकं ठिकानावर हाय का तुमचं?” चेअरमन आण्णा खुर्चीतून उठलेच.

मी म्हनलं, “माजं हाय. टेकडीवरच्या पोरीचं जायची येळ आलीय. तिच्यासाठीच आले.”

दुष्काळाचं साल व्हतं. आमच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावनी काढलती. माजी एकच गाय उरलती, कपिली, ती तिथंच दावनीला. बाकीची इकली. रडून काय करता, रडाया बी अंगात पानी लागतं. टेकडीवर पुन्याची मंडळी मोठी दुर्बीन घेऊन आलती. पाऊस न्हाई म्हनजे आभाळ मोकळं, आमचं वाटुळं त्यांच्या कामाचं. त्यांची मेस माज्याकडं व्हती. भाकरी, पिठलं आन् चहा मागंल तेवढा.

त्यात एक मेघा. ताऱ्यांवर पीएचडी करायची. नाव मेघा, आन् ढगाची चिंधी दिसली तरी शिव्या द्यायची.

तिचं काम आसं. आमी ज्याला म्हातारीचं खाटलं म्हनतो, शिकलेले सप्तर्षी म्हनतात, त्यातले मधले पाच तारे एकाच दिशेनं, एकाच चालीनं चालतात. टोकाचे दोन परके. म्हनजे खाटल्याचा एक खूर दुसऱ्याच सुताराचा. पाचांच्या चालीनं आनखी लई बारीक तारे निघालेत, आभाळभर पांगलेले. ते बी त्याच घरचे, का वाटंत सामील झाले, हे तिला हुडकायचं व्हतं.

“कसं हुडकतीस?” मी इचारलं.

“मावशी, एका ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांत लोखंड, चुना, मिठातलं सोडियम सारख्याच मापाचं असतं. तुमच्या एका परातीतल्या भाकरी कशा असतात?”

“मीठ समद्यांत सारखंच.”

“तसंच.”

ताऱ्याचा उजेड यंत्रातून फाकवला की रंगांचा पट्टा येतो. त्यात काळ्या रेघा. एकेक रेघ एकेका पदार्थाची. तिच्यावरून माप निघतं.

एक दिस ती भरल्या ताटावरून उठली.

“का उठलीस गं? मीठ कमी पडलं का?”

“जास्त झालंय, मावशी. आभाळात.” ती हसली, पन डोळे भरलते. “निम्म्या ताऱ्यांचं लोखंड बाकीच्यांशी जुळत नाही. सोडियम मात्र सगळ्यांचं सारखं. शंका आली म्हणून दुर्बीण नुसत्या मोकळ्या आभाळाकडं लावली. एक तारा नव्हता, तरी सोडियम!”

मग तिनं दारातून खाली छावनीकडं बोट केलं. लाइनीत पिवळे दिवे. “त्या दिव्यांत सोडियमच असतं. तो उजेड वर येऊन माझ्या रेघा भरून टाकतोय. वजा करून पाहिलं, नीट होत नाही. रविवारी माझे पीएचडीचे सर येणार आणि दुर्बीण परत जाणार. त्यांना काय दाखवू? दिवे?”

म्हनून मी आण्णाकडं गेलते.

आण्णा म्हनले, “अंधारात वाढं चोरीला गेलं तर?” वाढं म्हनजे उसाचे शेंडे, छावनीतलं सोनंच ते.

“गंजीवर आमी बाया बसतो की.”

“आन् डोळा लागला तर?”

“आण्णा, आमच्यातल्या चौघी एका जागी बसल्यावर कुनाचा डोळा लागतो? तुमचीच उनीदुनी काढायला रात पुरायची न्हाई.”

आण्णाला हसू आलं, पन बोलायचं ते बोललेच. “एक पेंढी कमी भरली तर तुमची गाय पहिली भाईर.”

“चालंल,” म्हनलं. छावनीभाईर कपिलीला खायला दगडच व्हते.

दिवे बंद झाले. आन् आमच्यातल्या एकीच्या बी ध्यानात आलं नव्हतं ते झालं. छावनीत रोज पहाटं दिवे इझले की वाढं पडायचं. जनावरांना वाटलं, उजाडलं! समदी छावनी उठून हंबराया लागली. म्हशी खुट्टे उपटू लागल्या. मानसं धडपडत उठली. दिवे लावावे तर मेघा बुडती, न लावावे तर छावनी मोडती. आमी पदर खोचले आन् सकाळचा वाटा तवाच टाकून दिला. छावनी गप. वर दुर्बीन आपल्या कामाला.

सकाळी आण्णा गंजीपाशी येऊन किंचाळले, “पेंढ्या गेल्या!”

“पोटात गेल्या, आण्णा. सकाळचाच वाटा हाय, एक जास्त न्हाई. मोजून घ्या.”

मोजल्या, बरोबर भरल्या. मग कपिलीकडं बघितलं. ती आरामात रवंथ करत व्हती. पुढच्या राती आण्णांनी समद्यांत आधी वाढं टाकाया लावलं, मग दिवे घालवले. जनावरांनी हू का चू केलं न्हाई.

रविवारी सर आले. रेघा साफ आलत्या, पन लोखंडासारखं सोडियम बी जुळलं न्हाई. मेघानं तपासलेल्यातले निम्मे तारे दुसरीकडचेच निघाले. ती भेत भेत म्हनली, “सर, सगळे एका घरचे नाहीत.” सर कागद बघत म्हनले, “उत्तर हेच आहे. लिही. आता परके कुठून आले ते शोध.” त्या दिवशी तिनं तीन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी आण्णा भेटले. “निघाले का तारे एका घरचे?”

“न्हाई.”

“मग माजे दिवे घालवून मिळालं काय?”

जनावरं हौदाकडं निघालती. तलवाड्याची, घाटनांदूरची, आमची, एका लाइनीत, एका चालीनं. मी म्हनलं, “आण्णा, ही समदी एका दावनीची का?”

“छ्या. पान्यापायी एका वाटंला लागलीत.”

“तेच मिळालं.”

एका चालीनं चालतंय म्हनून एका घरचं नसतं, एवढं मी त्या साली शिकले. पन वाढं समद्यांनाच टाकावं लागतं.