घराऐवजी गाळा

सकाळी गाळ्याचं शटर वर सरकवलं की आतून आधी वास येतो. रात्रभर कोंडलेल्या तेलाचा, थंडगार लोखंडाचा आणि यंत्राचा ताप उतरवणाऱ्या त्या दुधासारख्या पांढऱ्या पाण्याचा मिळून झालेला एक उग्र, तिपेडी वास. पहिल्यांदा येणारा माणूस नाकाला रुमाल लावतो. मला मात्र त्या वासाने प्रसन्न वाटतं, केवड्याने एखादीला वाटावं तितकं, किंबहुना काकणभर जास्तच. मग दिवा लागतो, लेथ फिरू लागतो आणि धातूच्या अंगावरून कुरळे, निळसर पापुद्रे सुटून खाली पडू लागतात. तापलेल्या लोखंडाला असा मोरपंखी रंग चढतो, हे ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या बाहेर कितीजणांनी पाहिलं असेल?

हा गाळा भाड्याचा आहे. डोंबिवलीत मी आणि आई राहतो ते घरही भाड्याचंच. पन्नाशी उलटलेल्या, लग्नाच्या वाटेला न गेलेल्या माझ्यासारख्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि ती घेण्याचा निर्णय. यातल्या तिसऱ्या गोष्टीचा मला सर्वांत अधिक अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

याच इस्टेटीतल्या एका कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं तयार मालाची तपासणी करत होते. दुसऱ्यांनी कातलेला दांडा मोजायचा, पास किंवा नापास म्हणायचं आणि तो कातायला आपले हात शिवशिवत असले तरी ते टेबलाखाली घ्यायचे. मग एक दिवस कारखाना ठाण्यातून हलला आणि माझ्या हाती बऱ्यापैकी रक्कम आली. पैसा आला की सल्ल्यांना पाय फुटतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, सोनं घे. बँकेतला ओळखीचा म्हणाला, ठेवीत ठेवा आणि निवांत झोपा. आणि उरलेलं अवघं गणगोत एकमुखाने म्हणालं, आधी डोक्यावर स्वतःचं छप्पर कर. आपल्याकडे घर घेणं हा नुसता व्यवहार थोडाच असतो? तो संस्कार असतो, मुंजीसारखा; वेळेत उरकला नाही तर ज्याचा त्याला नसेल इतका घोर इतरांना लागतो.

सर्वांत मोठा घोर दादाला होता. दादा म्हणजे माझा थोरला, एकुलता एक भाऊ. शीळफाट्याजवळ त्याने स्वतःचं घर केलं, आणि ते करताना कितीतरी वर्षं एका हाताने भाडं आणि दुसऱ्या हाताने हप्ता भरला. त्याचं कारण मला ठाऊक आहे. लहानपणी आम्ही कळव्याला एका खोलीत राहत होतो. मालकाने ऐन परीक्षेत ती रिकामी करून घेतली, तेव्हा रस्त्यावर मांडलेल्या भांड्याकुंड्यांपाशी दादा भूगोलाचं पुस्तक उघडून बसला होता. पान काही उलटत नव्हता.

त्या पाडव्याला तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. त्याच्याच इमारतीच्या शेजारच्या विंगमध्ये माझ्यासाठी फ्लॅट बघून, मुहूर्त हुकायला नको म्हणून टोकनही स्वतःच्या खिशातून भरून मोकळा झाला होता. म्हणाला, "आईला लिफ्ट, तुला हक्काचं दार. आता नाही म्हणू नकोस." मी म्हटलं, "दादा, मी गाळा घेतेय. मशीन बघून आलेय." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, "या वयात लोखंडाचा धंदा? आणि उद्या मालकाने खोली खाली करा म्हटलं, तर आईला घेऊन कुठे जाशील गं?" पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवून, न बसताच तो निघून गेला. टोकन त्याला परत मिळालं, पण आमच्यातलं बोलणं काही तितक्या सहज परत आलं नाही. भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा. गाळ्याचं नाव मात्र ओठावर येऊ देत नसे. फार तर विचारी, "तुझं ते चाललंय ना?" घर काय, आज ना उद्या होईल, पण आईनंतर मला रागवायला हक्काचं माणूस ते एकच, तेच दुरावलं तर?

तरीही मी मागे फिरले नाही. प्रत्येक सल्ल्याच्या पोटात तो देणाऱ्याची एखादी जुनी भीती निजलेली असते, हे मला तेव्हा उमगलं. दादाची भीती रस्त्यावरच्या भांड्यांची होती आणि ती अगदी खरी होती. पण माझी भीती निराळी होती. मला धास्ती होती ती हात रिकामे राहण्याची. आपल्या नावावरच्या चार भिंतींत बसून, हप्त्यांसाठी पुन्हा कुणाच्या तरी टेबलाशी दुसऱ्याने घडवलेलं मोजत राहण्याची. दुसऱ्याच्या भीतीवरचं औषध आपण का म्हणून घ्यावं? अर्थात सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मधे काही महिने काम पार थंडावलं होतं. त्यातच घरमालकाने खरोखरच जागा मागितली आणि आईला घेऊन मी दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड हलवलं. आई म्हणाली, "बरं झालं बाई, इथे ऊन येतं." मला हसावं की रडावं कळेना. पुढे काम पुन्हा आलं, आणि आता मी कातलेला माल दुसरे तपासतात.

यंदा दसऱ्याला आईने हट्ट धरला, यंत्राची पूजा बघायची. दसऱ्याला वागळे इस्टेटीत गाळ्यागाळ्यांतून यंत्रं पुसून लखलखीत करतात, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतात. मी पहाटेच निघून आलेले, म्हणून आईला आणणं दादाकडे आलं. रिक्षा थांबली. आधी आई उतरली, मग तो. दाराशी उभा राहून त्याने आतलं सगळं पाहिलं. लेथवरची माळ, भिंतीवरची हत्यारं, हात जोडून उभी असलेली, माझ्याकडे कामाला असणारी दोन माणसं. मग तो वाकून चपला काढू लागला. मी घाईने पुढे झाले. म्हटलं, "अरे दादा, राहू दे. फरशी धुतलीय, पण कुठेतरी लोखंड राहतंच. पायात रुतेल."

"घरात कुणी चपला घालून येतं का?" तो म्हणाला, आणि त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या.

मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि त्याच्या पावलांपुढची जमीन झाडत झाडत त्याला आत घेऊन आले.