तीन गुणांचा जकातनाका

"अभिनंदन करणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो," असं ज्यांचं ठाम मत होतं, त्या गृहस्थांच्या हातात आमच्या कॉलेजची सगळी ईमेल होती. यावरून पुढे काय झालं असेल याचा अंदाज शहाण्या माणसाला येईल. तरीही मी सांगणार आहे, कारण त्यात नुकसान माझं झालं.

आमचं कॉलेज वाघोलीला, मी तिथली प्राध्यापिका. हे सर तिथे कॉम्प्युटर विभाग सांभाळत. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठ वळली की जकातनाका. पूर्वी गावात शिरणारा प्रत्येक ट्रक नाक्यावर थांबून आत काय भरलंय ते दाखवायचा, तसं बाहेरून येणारं प्रत्येक पत्र यांच्यापुढे उभं राहायचं. शनिवार पेठेतून सकाळी डबा आणि छत्री घेऊन निघत. छत्री बारा महिने. कुणी विचारलंच तर म्हणत, "ऊन असतं, पाऊस असतो, कुत्री असतात."

कॉलेजात तेव्हा भुक्कड ईमेलचा नुसता सुळसुळाट होता. लॉटऱ्या, केस वाढवायची औषधं, कुठल्याशा राजपुत्राची बेवारस इस्टेट. ते अडवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर सरांनी बसवलं. ते प्रत्येक पत्राला गुण द्यायचं: संशयास्पद शब्दाला इतके, अनोळखी पत्त्याला इतके. बेरीज पाचावर गेली की पत्र अडवून बाजूला ठेवायचं. परीक्षेसारखंच, फक्त इथे जास्त गुणवाला नापास. सरांनी पहिल्याच दिवशी पाचाचे तीन केले. "पाच म्हणजे धर्मशाळा," म्हणाले.

शिवाय पदरचे नियम घातले. 'प्रिय' या शब्दाला दीड गुण. "माझ्या बायकोनं मला कधी प्रिय म्हटलं नाही, हा कोण टिकोजीराव?" 'क्षमस्व'ला एक. "क्षमा मागतोय म्हणजे तसदी देणार हे नक्की." 'अभिनंदन'ला तर पूर्ण दोन. पहिल्या दिवाळीला खुद्द प्राचार्यांच्या शुभेच्छा अडकल्या. प्राचार्य तणतणत खाली आले, तर हे खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "सर, आपण एका दमात सगळ्या कॉलेजवर प्रेम केलंत. सॉफ्टवेअरला ते पटलं नाही." प्राचार्य आल्या पावली परत वर गेले.

अडलेलं पत्र सोडवायला छापील अर्ज होता. वेळ साडेअकरा ते बारा. पाठवणाऱ्याचं नाव, त्याच्याशी नातं, पत्राची अपेक्षा का होती, असे रकाने. काय काय अडलंय याची यादी मात्र कुणाला मिळत नसे. मी एकदा विचारलं, "अहो सर, पत्र अडलंय हे आम्हाला कळणार कसं?"

"अपेक्षा असेल तर कळेलच," ते म्हणाले. "आणि अपेक्षाच नसेल तर हवंय कशाला?"

अडवलेलं पत्र ते कधी पुसतही नसत. "पुरावा नष्ट करायचा नाही," हे त्यांचं ब्रीद. राजपुत्राची इस्टेटसुद्धा त्यांच्याकडे जपून ठेवलेली होती.

रागाच्या भरात अन्याय नको, म्हणून दोन गोष्टी कबूल करते. सुरुवातीला ते सॉफ्टवेअर देवनागरी पत्र दिसलं की अगम्य मजकूर समजून सरसकट अडवायचं. सरांनी आठ दिवस जेवायची सुट्टी न घेता त्याला मराठी वाचायला लावलं. मग मराठी शब्दांनाही तितक्याच कडक गुणांचे नियम लावले, तो भाग निराळा. आणि एकदा प्राचार्यांच्या नावानं परीक्षा विभागाला पत्र आलं की कृपया निकालाचा पासवर्ड ताबडतोब पाठवा. कारकुनांनी तो पाठवलाच असता, पण पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. ते बनावट होतं. सरांना विचारलं, कसं ओळखलंत? म्हणाले, "आपले प्राचार्य कधी कुणाला कृपया म्हणालेत का?"

आता माझं. परदेशातल्या एका विद्यापीठात डॉक्टरेटसाठी मी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली. आमच्या घरातून बाहेर शिकायला जाणारी मी पहिलीच. वडील टपाल खात्यात सॉर्टिंगला होते, निवृत्त झालेले. निकालाआधीच त्यांनी एक मोठी निळी सूटकेस आणून ठेवली आणि विहारात चार जणांना सांगूनही आले. उत्तर कॉलेजच्या ईमेलवर येणार होतं. मी रोज बघत होते. शेवटी अर्ज भरून साडेअकराला नाक्यावर उभी राहिले. सरांनी विद्यापीठाचं नाव विचारलं, पडद्यावर बघितलं, आणि मान वर न करता म्हणाले, "नाही. असतं तर दिसलं असतं."

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. आपण मुदतीत होकार कळवला नाहीत, म्हणून जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. त्यात ना प्रिय, ना अभिनंदन. ते कुठेही न थांबता थेट माझ्यापर्यंत आलं. मी ते छापून सरांपुढे आपटलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि म्हणाले, "बघा मॅडम, खरं पत्र कसं सरळ येतं."

"पहिलं कुठाय?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

मग त्यांनी माझ्या नावानं मजकुरात शोधलं. पहिलं पत्र तिथेच पडलेलं होतं. विद्यापीठानं ते कुठल्याशा वेगळ्याच पत्त्यावरून पाठवलं होतं. अभिनंदन होतं, 'दहा दिवसांत उत्तर द्या' होतं, खाली लिंक होती. सर पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चुकलं म्हणतील. तेवढं म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे बरोबर अडवलंय."

मी घरी विश्रांतवाडीला येऊन वडिलांना सांगितलं. ते माणूस म्हणून फार शांत. एवढंच म्हणाले, "पत्र पत्त्यावरच्या माणसाचं असतं. मधल्या माणसाचं नसतं." सूटकेसमध्ये आता आमच्याकडे गोधड्या असतात.

त्यानंतर मी सरांशी कामापुरतंही बोलले नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभात भाषण करा म्हटलं तर म्हणाले, "माझं काम थांबवण्याचं, बोलण्याचं नाही." चहा तसाच टाकून खाली गेले आणि ज्यांची पत्रं न तपासता सोडायची अशा ओळखीच्यांच्या यादीतून स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं. कुणीतरी म्हणालं, राहू द्या की सर. "निवृत्त माणूस बाहेरचा," ते म्हणाले आणि छत्री उचलली.

मी पुण्यातच डॉक्टरेट केली. जे तिकडे तीन वर्षांत झालं असतं त्याला इथे नोकरी सांभाळून सहा लागली. पदवी मिळाल्यावर वर्षभरानं एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सर भेटले. ताट हातात घेऊन माझ्याजवळ आले, जरा घुटमळले, आणि म्हणाले, "काय मॅडम, पत्रं मिळतात ना हल्ली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं करून वर चेष्टा! मी म्हटलं, "तुमच्या कृपेनं काही मिळत नाही. आणि तुमच्याकडून तर मला आता काहीच नको." ते हो म्हणाले, ताट तसंच ठेवलं आणि न जेवता निघून गेले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात कॉलेजनं ते जुनं सॉफ्टवेअर काढून टाकायचं ठरवलं. आमच्या नव्या आयटीच्या मॅडम म्हणाल्या, "मॅम, तुमच्या नावाची अडलेली मेल्स एकदा चेक करून घ्या ना, मग मी सगळं डिलीट मारते." मी बसले. लॉटऱ्या, औषधं, राजपुत्र. आणि मध्येच सरांचं नाव. त्यांच्या घरच्या पत्त्यावरून आलेलं, मला पदवी मिळाली त्या आठवड्यातलं.

'प्रिय मॅडम, पेपरात आपलं नाव वाचलं. अभिनंदन. आपण अर्ज घेऊन आलात त्या दिवशी मी फक्त पाठवणाऱ्यांची नावं पाहिली. मजकुरात शोधलं असतं तर आपलं पत्र सापडलं असतं, आणि मुदतीचे चार दिवस तेव्हा शिल्लक होते. हे मला ते पत्र सापडलं त्याच दिवशी समजलं होतं. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. क्षमस्व. उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन.'

खाली सॉफ्टवेअरचा हिशेब होता. प्रिय, दीड. अभिनंदन, दोन. क्षमस्व, एक. अनोळखी पत्ता, एक. एकूण साडेपाच.

मला लग्नातला प्रश्न आठवला आणि स्वतःची लाज वाटली. तो माणूस वर्षभर उत्तराची वाट बघून विचारायला आला होता. मी फोन लावला.

"सर, तुमचं पत्र आज मिळालं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अडलं होतं?"

"तुमच्याच नाक्यावर."

"गुण किती पडले?"

"साडेपाच."

पलीकडे बेरीज चालली असावी. "म्हणजे बरोबर अडवलं," ते म्हणाले. मग आवाज एकदम म्हातारा झाला. "मला वाटलं, वाचून गप्प बसलात."

"वाचलं असतं तर लग्नात तसं बोलले नसते, सर."

"हं," म्हणाले. मग, "पोच द्या. लेखी."

घरच्या ईमेलवर यांनी कितीचा नाका बसवलाय कोण जाणे. मी वडिलांकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं आणि 'प्रिय सर' लिहायला बसले. कुणाला, म्हणून वडिलांनी विचारलं. मी सांगितलं. ते सूटकेसच्या कोपऱ्याकडे जरा बघत राहिले. मग कार्ड हातात घेऊन त्यांनी पत्ता वाचला, सवयीनं, खालपासून वर.

"पिनकोड राहिलाय," ते म्हणाले, आणि स्वतःच्या पेननं तो घातला.