तिरक्या अक्षरांतल्या सूचना

सातिवलीत एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आजूबाजूच्या कारखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचं, हे काम. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मी चाळिशी ओलांडून तिथे लागले होते. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, त्यामुळे आचोळ्याच्या घरात पगार येणार तो माझाच. सरांनी, म्हणजे मालकांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "थोडे महिने काम बघतो, मग कायम करतो."

माझा डावा डोळा एका आजारपणात गेलेला आणि उजव्याला जाड भिंग. डॉक्टर म्हणाले होते, काम करा, पण बारीक अक्षरांशी भांडू नका. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. का सांगायचं? कामात चूक निघाली तर बोला, डोळ्याशी तुम्हाला काय करायचंय?

प्रोग्राम लिहायचा जो सरळ फॉन्ट असतो, तो मला पाठ होता. त्यात प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं आणि आपली खूण सांभाळून असतं. लहान a च्या डोक्यावर छप्पर, l च्या पायाखाली पाट, शून्याच्या पोटात रेघ, म्हणजे ते o वाटत नाही. लांबून येणारा माणूस चेहरा न दिसताही अंगकाठीवरून ओळखू येतो, तशी मी ती अक्षरं ओळखायचे. काम बिनबोभाट चाललं होतं.

आमच्याकडे एक रीत होती. प्रोग्रामच्या ओळींमध्ये सूचना लिहून ठेवता येतात. कॉम्प्युटर त्या सोडून देतो, त्या माणसांसाठी असतात. बाकीचे लोक त्या इंग्रजीत लिहितात. आम्ही मराठीत लिहायचो, पण इंग्रजी अक्षरांत, ज्याला जसं जमेल तसं. 'इथे हात लावलात तर तुम्हीच निस्तरा.' 'सरांना विचारलं, ते नुसतेच हसले.' ऑफिसातल्या निम्म्या गप्पा तिथेच व्हायच्या आणि मला ते फार आवडायचं.

मग आमच्यातल्या एका हुशार मुलीने, पाचूबंदरची ती, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नवा एडिटर, म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहायचा ते सॉफ्टवेअर, टाकला. त्यात सूचना इटालिकमध्ये, म्हणजे तिरक्या अक्षरांत दिसत. "छान दिसतं ना, ताई?" तिने विचारलं. दिसत होतं छान, खोटं कशाला बोलू? माझा समज असा होता की इटालिक म्हणजे तेच अक्षर, जरा कलंडलेलं. जुन्या एडिटरमध्ये कुठे दिसलंच तर ते तसंच असायचं. या फॉन्टमध्ये मात्र तिरकी अक्षरं मुळातूनच वेगळी काढली होती. a चं छप्पर उडालं आणि तो नुसता गोल झाला, o चा सख्खा भाऊ. f ची शेपटी ओळीखाली लोंबायला लागली. e ची आडवी रेघ वळली, k ला गाठ पडली. नजर धड असेल त्याला ते हाताने लिहिल्यासारखं गोड वाटावं. मला एका ओळीत साबुदाणा सांडल्यासारखं दिसायचं. इंग्रजी वाक्य असतं तर अर्धं बघून उरलेलं ताडता आलं असतं. आमच्या मराठीत जिकडे तिकडे a, त्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ताडणार काय डोंबल!

ते इटालिक बंद करता येत असणार, हे मला कळत होतं. पण कसं ते विचारायला गेले असते तर "का?" असं आलं असतं. म्हणून मी सूचना सोडून द्यायला लागले. मूळ प्रोग्राम सरळ अक्षरांत होता, तेवढा वाचायचे.

अर्नाळ्याच्या एका बर्फ कारखान्याचा प्रोग्राम साफसूफ करायला माझ्याकडे आला. काही ओळी बिनकामाच्या वाटल्या, त्या मी काढल्या. त्यांच्या डोक्यावर सूचना होती: 'हे काढू नका, त्यांचा जुना प्रिंटर यावरच चालतो.' नवा प्रोग्राम तिकडे बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कारखानदाराचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला. "बोटी उभ्या हायत, बरफाचं पानी व्हतंय, नि तुमचं बिल काय बाहेर येत नाय."

त्या ओळी परत घातल्या, बिलं निघाली. मग सरांनी मला बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. "सूचना लिहिलेली आहे. वाचा."

मी नाक काचेला लागेपर्यंत वाकले. 

"वाचता येत नाही," मी म्हटलं. "सरळ अक्षरं दिसतात मला, ही नाही दिसत." आणि डोळ्याचं सगळं सांगून टाकलं.  घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत मला?"

सर लगेच म्हणाले, "नसतं घेतलं."

मग त्यांनी त्या मुलीला हाक मारून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरचं इटालिक बंद करायला सांगितलं. तिने माझ्याकडे न बघता आधी सरांचाच स्क्रीन सरळ केला. "आता वाचा," सर म्हणाले. सगळ्या ऑफिसासमोर मी ती ओळ बालवाडीतल्या पोरीसारखी मोठ्याने वाचून दाखवली.

"ठीक आहे. काम बघितलंय मी तुमचं. या महिन्यापासून तुम्ही कायम," ते म्हणाले आणि दुसऱ्या फोनला लागले.

मी जागेवर येऊन बसले. सुटले, असं वाटलं, नाही असं नाही. पण रागही इतका आला होता की समोरचा चहा मी तसाच बाजूला सारला. घर चालणार होतं. मी तिथे पुढे बरीच वर्षं काढली, सरांशी कधी वाकडं आलं नाही. फक्त ते "नसतं घेतलं" त्यांनी किती सहज म्हटलं होतं, ते मी एक दिवसही विसरले नाही.