कंबर चौतीस

लग्नात आपली कंबर चौतीस होती आणि पासष्टी ओलांडली तरी ती चौतीसच आहे, असं मास्तर कुणालाही सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. पँटचा पट्टा बसतो तिथे टेप लावला की चौतीसच भरायची. फक्त पट्टा बसायची जागा वर्षागणिक खाली सरकत गेली होती आणि पोट त्याच्यावरून पुढे आलं होतं, दुकानापुढे काढलेल्या छपरासारखं.

शिंपीकामाच्या धंद्याची सवयच तशी. पुरुष गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावायचा नाही. तो पँट जिथे घालतो तिथे लावायचा, आत दोन बोटं सरकवायची आणि आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही. शिवाय मागच्या शिवणीत दोन इंच माया सोडायची, म्हणजे पुढेमागे पँट घट्ट झाली की उसवून सैल करता येते. हे सगळं मास्तरांना थोरल्या भावाने शिकवलं होतं. तो दादा आता दुकानात आरशाशेजारच्या खुर्चीत बसून असे. एका सकाळी कापडावर रेघ ओढता ओढता त्याच्या हातातून खडू गळून पडला, आणि तो उजवा हात नंतर कामाला आलाच नाही. जीभही जड झाली. तेव्हापासून दुकानाचं कटिंग एकट्या मास्तरांच्या हातावर होतं.

बायकोचा गुडघा दाखवायला मास्तर सोबत म्हणून गेले आणि स्वतःच अडकले. डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांचं ब्लड प्रेशर घेतलं, मग रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट आल्यावर उभं करून बेंबीच्या पातळीला टेप गुंडाळला.

"डॉक्टर, ही कंबर नव्हे," मास्तर म्हणाले. "हे पोट आहे."

"मला पोटच हवंय. श्वास सोडा. धरून ठेवू नका, मला दिसतंय."

टेप बेचाळीस इंच म्हणाला. मास्तरांना तो टेपच संशयास्पद वाटला.

"तुमचं प्रेशर थोडं वर आहे," बाई सांगू लागल्या. "उपाशीपोटीची साखर थोडी वर. रक्तातली चरबी जास्त, आणि चांगलं कोलेस्टेरॉल हवं त्यापेक्षा कमी. वर हे पोट. यातलं एकेक सुटं असतं तर मी एवढं बोलले नसते. पण सगळं एकाच माणसात जमलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यातून पुढे मधुमेह होतो, हार्ट अटॅक येतो, लकवा मारतो. वय वाढलं की हा धोका आणखी वाढतो."

"मी दिवसभर उभा असतो, बाई."

"उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, मास्तर."

घरी येईपर्यंत मास्तरांनी या सगळ्याचा आपल्यापुरता निकाल लावला होता.

"नाव केवढं मोठं, आणि आहे काय तर सगळं थोडं थोडं," चहात बिस्कीट बुडवत ते म्हणाले. "थोड्याला काय घाबरायचं?"

"दादांचंही थोडं थोडंच होतं," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"दादा सिगारेटी ओढायचा."

"आणि तुम्ही बिस्किटं ओढता. पुडा उघडला की संपेपर्यंत खाली ठेवत नाही."

"अगं, शरीराला जरा माया असावी माणसाच्या. आजारपणात कामाला येते."

"कापडाची माया आत असते. तुमची सगळी बाहेर आलीये."

मास्तर हसले. ती हसली नाही. तिने बिस्किटांचा डबा उचलला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. एरवी स्टूल लागतं म्हणून त्या फळीला ती हातही लावत नसे. आज दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर चढली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा डबा घेऊन ती दुकानात आली आणि दादापुढे सगळं बोलून मोकळी झाली. "भावजी, माझं नाही ऐकत ते. तुमचं ऐकतात का बघा." मास्तर कटिंगच्या टेबलाशी पाठ करून उभे होते. कात्री चालू होती, पण मघापेक्षा सावकाश.

ती गेल्यावर दादाने डावा हात पुढे केला. "टेप."

"कशाला रे दादा?"

"दे."

एका हाताने दादाला टेप गुंडाळता येईना. एक टोक निसटायचं. शेवटी मास्तरांनीच खुर्चीजवळ येऊन ते आपल्या बेंबीवर धरलं आणि टेप पाठीमागून फिरवून आणला. दुसरं टोक दादाने पकडलं. मास्तरांनी सवयीने दोन बोटं आत घातली.

"बोटं काढ," दादा म्हणाला.

त्यांनी काढली.

"बे... चाळीस!" दादा इतक्या जोराने म्हणाला, की बाहेर शिवलेले कपडे न्यायला आलेल्या बाईने आत डोकावून पाहिलं.

"हळू बोल ना. गिऱ्हाईक आहे."

"ऐकू दे. मला... कुणी मोठ्याने... नाही सांगितलं." एवढं बोलून तो दमला. मग डाव्या हाताने त्याने मांडीवर पडलेला उजवा हात उचलला आणि मास्तरांच्या हातात ठेवला. तो हात गार आणि जड होता. याच हाताने आपली बोटं धरून कात्री कशी चालवायची ते दाखवलं होतं, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. बराच वेळ त्यांना तो हात खाली ठेवता आला नाही.

त्या संध्याकाळी टेबलावर अर्धवट कापलेली पँट तशीच टाकून मास्तर एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी प्रेशरची गोळी लिहिली. चालायचं किती, जेवणातून काय कमी करायचं आणि रक्त पुन्हा कधी तपासायचं तेही सांगितलं. मास्तर मान हलवत होते, पण त्यांचं सगळं लक्ष तिकडे नव्हतं.

"बाई, एक विचारू? माझ्या भावाला कळेपर्यंत उशीर झाला होता. मला झालाय का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अजून नाही. पण गोळी घेऊन दिवसभर टेबलाशीच उभे राहिलात, तर मला असं पुन्हा सांगता यायचं नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. दाराशी गेल्यावर ते थांबले. "चालायचं ते आजपासून की उद्यापासून?"

"घर किती लांब आहे?"

"रिक्षाने पाच मिनिटं."

"मग आजपासून," बाई म्हणाल्या.