मागनं आरोळी देणारा

सोमलिंगला कामाला नाही म्हणता येत नसे. लोक याला गुण म्हणत, कारण त्यात लोकांचा फायदा होता. मुरूम ह्या बाजारगावाच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला खेटून असलेल्या त्याच्या गावात कुणाची म्हैस अडली, कुणाच्या विहिरीचा गाळ काढायचा झाला, की आधी सोमलिंगला हाक जायची. घरात तर हाकसुद्धा लागत नसे. तो असायचाच.

धाकटा विरेश त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. सोमलिंग दहावीला असताना बाप ईरण्णा बैलगाडीवरून पडून पाय मोडून बसला आणि पोराची शाळा सुटली ती सुटलीच. विरेशच्या वेळी मात्र दुभती म्हैस विकून त्याला लातूरला शिकायला ठेवलं. ते बरंच झालं, असं सोमलिंग स्वतः म्हणायचा. त्याला डाचायचं ते वेगळंच. पुढं नोकरीला लागलेला विरेश पुण्याहून येणार म्हटलं की आई नागम्मा आठवडाभर आधी तूप साठवू लागायची, आणि सोमलिंगच्या भाकरीवर तूप पडायचं तेही विरेश आला म्हणून. बाप विरेशला विचारायचा, जेवलास का, झोप लागली का, वाळलास का रं. सोमलिंगला विचारायचा, बैलं सोडली का, तुरीला पाणी दिलं का. आजवर बापानं थोरल्याला केलेली चौकशी कुठल्या ना कुठल्या जनावराची नाहीतर पिकाची होती.

यंदा मात्र सोमलिंगला आशा लागली होती, आणि तिनंच घात केला. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, या भागात दिवाळीपेक्षा मोठी. सगळा गाव घरांना कड्या घालून शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे, मग घरातल्या एकानं आंबिलीचं मडकं घेऊन, डहाळीनं शिंपडत शेताला वेढा घालायचा. मागनं दुसऱ्यानं ‘वलगे वलगे, सालम पलगे’ अशी आरोळी द्यायची. मडकं ज्याच्या हातात तो त्या शेताचा कर्ता, असं गाव धरून चालतं. सोमलिंगला कळायला लागल्यापासून मडकं बापाच्या हातात होतं आणि आरोळी त्याच्या गळ्यात. पण दिवाळीत बापाच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. ओट्यावर बसून म्हातारा म्हणाला, “औंदा येळवशीला दुसऱ्यानं फिराय पायजे.” दुसऱ्यानं म्हणजे कुणी, हे सोमलिंगनं विचारलं नाही. चाळिशी उलटली तरी माणूस एवढा भाबडा कसा राहतो कोण जाणे.

येळवशीला त्यानं उजाडताच कोप घातली. काठ्या रोवल्या, कडब्याच्या पेंढ्या लावल्या, वरून नवी शाल पांघरली. बायको महानंदानं मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं डोक्यावरून आणलं. सोमलिंगनं धुवट धोतर नेसून डोक्याला टॉवेल गुंडाळला. मग सगळे बसले ते विरेशची वाट बघत. तो आला तेव्हा शेजारपाजारच्या शेतांत पूजा उरकत आल्या होत्या. रस्त्यात जाम लागला होता म्हणे.

पूजा झाली. बापानं मडकं उचललं, आणि पुढं झालेल्या सोमलिंगच्या हातांवरून नेऊन विरेशच्या हातात दिलं.

“घे बाळा. फिर आता शेताला.”

“मी? अप्पा, अण्णाला द्या की,” विरेश गडबडून म्हणाला.

“त्यो हाय की मागं आरोळीला.”

सोमलिंगनं हात खाली घेतले आणि धोतराला पुसले. त्यांना काहीही लागलेलं नव्हतं.

विरेश निघाला. सोमलिंगही मागं निघाला, पायांना सवयच ती. पण तोंड उघडेना. चारी बाजूंच्या शेतांतून आरोळ्या उठत होत्या आणि ह्यांचं शेत तेवढं मुकं. विरेशनं दोनदा वळून पाहिलं. कोपीजवळून बाप ओरडला, “सोमलिंगा, वरड की रं!” सोमलिंग ओरडला नाही. शेवटी म्हातारा स्वतःच आरोळी द्यायला गेला आणि खोकल्यानं वाकला. वेढा तसाच मुक्यानं पुरा झाला.

जेवायला बसल्यावर बापानं विषय काढलाच. “लोकं काय म्हनली असतील? जिभंला काय झालतं तुझ्या?”

“अप्पा, मडकं मला का न्हाय दिलं?” सोमलिंगचा आवाज चिरका निघाला. “वरीसभर ह्या मातीत म्या मरतो. तुमाला दिसत न्हाय का?”

नागम्मा म्हणाली, “सनाच्या दिशी कशाला रं.”

बापाला खरंच नवल वाटलं होतं. तो म्हणाला, “आरं, त्यो वरसातनं दोन दिस येतो. त्याचा जीव लागावा शेतावर, म्हून दिलं. तू काय, तू हायेसच की.”

“म्या हाय म्हूनच मला न्हाय?”

बापानं महानंदाला सोमलिंगच्या वाटीत आंबील घालायला सांगितली.

“पुढल्या साली कोप घालणार न्हाय म्या,” सोमलिंग म्हणाला. “सांगून ठिवतो.”

म्हातारा हसला. त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं. “घालशील रं. तू न्हाय तर कोण घालंल?”

दिवस कलताना विरेशची गाडी गेली. जाताना तो “अण्णा, माझं काय चुकलं?” म्हणाला, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. सोमलिंगला ह्याचाच जास्त राग आला. तुपाचा डबा आईनं गाडीत ठेवला. बाप शेजाऱ्याच्या बैलगाडीतून घरी गेला.

मागं सोमलिंग एकटाच कोप मोडायला राहिला. पेंढ्या त्यानं बैलांसाठी काढून ठेवल्या. शाल झटकली, घडी केली. मग काठ्या उपटू लागला. मनात बापाला, भावाला, स्वतःला शिव्या चालल्या होत्या. बऱ्याच काठ्या उपटून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वाकड्या काठ्या सरपणात टाकून सरळ काठ्या आपण वेगळ्या रचतो आहोत. पुढल्या सालासाठी.

हातातली काठी त्यानं सगळा जोर लावून बांधापलीकडं भिरकावली. मग बांध ओलांडून गेला आणि ती उचलून आणली.